पेटी विकत मिळते, फुले मिळत नाहीत

मधमाशीपालनाची चौकशी करणारे तरुण अलीकडे बरेच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेटीवर अनुदान किती? दुसरा प्रश्न: एका पेटीतून मध किती निघतो? महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक असे प्रमाण ठेवलेले आहे, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ते पेटीभोवतीच्या शिवारात असते. माशी अन्न कसे शोधते, किती दूर जाते, कोणते फूल धरते आणि कोणते सोडते, हे ठाऊक नसताना पेटी घेणे म्हणजे पाणी न बघता विहिरीवर इंजिन बसवण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखकानेही पहिल्या खेपेला हीच चूक केली. सातेरी माश्यांच्या चार पेट्या घेतल्या आणि जानेवारीत आंब्याच्या बागेत मांडल्या. मोहोर भरघोस होता, त्यामुळे मधही भरघोस येणार अशी खात्री होती. आंब्याच्या मोहोरावर मुख्यतः साध्या माश्यांची वर्दळ असते, मधमाशीला त्यातून फारसे मिळत नाही, हे नंतर कळले. मार्चअखेर तीन पेट्या रिकाम्या होत्या. सातेरीचा स्वभावच असा की अन्न तुटले की राणीसह सगळी वसाहत घर सोडून निघून जाते. धंद्यात भांडवल बुडते असे आपण म्हणतो. इथे ते डोळ्यांदेखत उडून गेले.

अंधारात दिलेली बातमी

दिव्य कुरआनची सोळावी सूरह मधमाशीच्याच नावाने आहे, अन-नहल. तिच्या 68 आणि 69 या आयतींत माशीच्या घराचा, तिच्या खाण्याचा, तिच्या मार्गांचा आणि तिच्यापासून मिळणाऱ्या पेयाचा उल्लेख येतो. आपल्याकडील प्रवचनांत मधातील शिफा नेहमी सांगितली जाते, मार्गांचा उल्लेख मात्र घाईने वाचून पुढे जातात. ज्याला या व्यवसायातून रोजी कमवायची आहे त्याने मार्गांपाशी थोडे थांबावे.

पेटीत राणीमाशी एक, नर काही शे आणि कामकरी माश्या हजारोंनी असतात. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे. पहिले तीनेक आठवडे ती घरातच राबते. पिलाव्याला भरवणे, साफसफाई, मेणाचे पोळे बांधणे, आलेला माल उतरवून घेणे ही तिची कामे. त्यानंतर ती बाहेर पडते आणि उरलेले आयुष्य मकरंद, पराग व पाणी आणण्यात घालवते. बाहेर जाणाऱ्यांपैकी थोड्याच माश्या नवी फुले हुडकत हिंडतात. बाकीच्या आलेल्या बातमीवर निघतात.

ही बातमी कशी पोहोचते, याचा उलगडा ऑस्ट्रियात जन्मलेले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी केला. त्यासाठी त्यांना 1973 साली लोरेन्झ आणि टिनबर्गेन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. चांगला फुलोरा सापडलेली माशी घरी येऊन पोळ्यावर नाचते. फुले अगदी जवळ असतील तर ती लहान वर्तुळात फिरते, म्हणजे 'इथेच आसपास बघा'. अंतर वाढले की ती पोट हलवत काही अंतर सरळ धावते, वळसा घेऊन परत येते आणि पुन्हा त्याच रेषेवर धावते. पेटीत अंधार असतो आणि पोळी उभी टांगलेली असतात. त्या उभ्या पोळ्यावर वरची बाजू म्हणजे सूर्याची बाजू, असा त्यांचा करार आहे. सरळ वर धावली तर फुले सूर्याच्या दिशेला, सरळ खाली धावली तर सूर्याच्या विरुद्ध दिशेला. वरच्या रेषेपासून 40 अंश उजवीकडे धावली तर सूर्याच्या 40 अंश उजवीकडे उडायचे. पोट हलवत धावण्याला लागणारा वेळ हे अंतराचे माप. आपल्याकडे इटालियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेलिफेरा माशीत एका सेकंदाला साधारण एक किलोमीटर असा हिशेब बसतो. दिवस पुढे सरकतो तसा सूर्य सरकतो आणि नाचाचा कोनही त्याप्रमाणे बदलत जातो. ढग आले तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा दिसला की तेवढ्या प्रकाशावरून माशी सूर्याची जागा ओळखते.

झुडपाच्या फांदीवर एकच पोळे बांधणारी आपली फुलोरी माशी तर यापेक्षा सोपे करते. तिच्या उघड्या पोळ्याचा माथा सपाट असतो. ती त्यावर नाचते आणि थेट फुलांकडे रोख धरून धावते.

नाच बघणाऱ्या माश्यांना नुसता पत्ता मिळत नाही, नमुनाही मिळतो. नाचणारी मध्येच थांबून मकरंदाचा थेंब चाखायला देते आणि तिच्या अंगाला फुलाचा वास असतोच. नव्या माश्या नाचावरून त्या भागापर्यंत पोहोचतात आणि नेमके फूल वासाने व रंगाने शोधतात. माशीला तांबडा रंग, रंग म्हणून दिसत नाही. निळा, पिवळा आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील तिला दिसतो.

ही विद्या उपजत असली तरी पूर्ण उपजत नाही. 2023 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चीन व अमेरिकेतील संशोधकांच्या अभ्यासात काही वसाहती केवळ कोवळ्या माश्यांच्या केल्या होत्या, थोरली एकही ठेवली नव्हती. ज्यांना थोरल्यांचा नाच बघायला मिळाला नाही, त्यांचे पहिले नाच चुकले. दिशेची चूक सरावाने सुधारली, अंतराची चूक शेवटपर्यंत राहिली. फवारणीत बाहेरच्या माश्या एकदम मेल्या तर मजूर गेले तसे वस्तादही गेले, असे म्हणायला यामुळे जागा आहे.

आवक आणि उतरणावळ

कांद्याची आवक वाढली की लासलगावच्या बाजार समितीत गाड्यांची रांग लागते, आणि रांग बघूनच शेतकरी भावाचा अंदाज बांधतो. मधमाश्यांच्या घरात जवळजवळ हेच चालते. बाहेरून आलेली माशी मकरंद स्वतः घरात भरत नाही. घरातली तरुण माशी तो तिच्या तोंडातून उतरवून घेते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस सीली यांनी या उतरणावळीचा वेळ मोजला. आल्यावर वीसेक सेकंदांच्या आत माल उतरवणारी भेटली तर माशी आपल्या फुलोऱ्याची जाहिरात करणारा नाच करते. पन्नासेक सेकंद थांबावे लागले तर ती वेगळाच, थरथरत फिरण्याचा नाच करते. त्याचा अर्थ असा की माल भरपूर येतो आहे, उतरवायला माणसे वाढवा. फुलोरा जितका गोड, जवळचा आणि सोपा तितके नाचाचे फेरे जास्त. फुलोरा आटला की त्याची माशी नाच बंद करते आणि तिच्यामागे जाणाऱ्या आपोआप कमी होतात. दलाल नाही, पुकारा नाही, राणीचा हुकूमही नाही. तरी हजारो माश्या सकाळी एका शेतावर आणि दुपारी दुसऱ्या शेतावर वळतात.

मधपाळाला यातून एक साधी गोष्ट घेता येते. ऐन फुलोऱ्यात वरच्या मधकोठीत बांधलेली रिकामी पोळी नसतील तर उतरवून घेणाऱ्यांना माल ठेवायला जागाच उरत नाही. बाहेर मकरंद असतो आणि घरात रांग लागते. मग माश्यांचा ओढा नवी वसाहत घेऊन बाहेर पडण्याकडे होतो. मागील हंगामातील पोळी मधयंत्रात न तोडता जपून ठेवणे म्हणजे गोदाम तयार ठेवणे.

फेऱ्यांचा हिशेब

मकरंद पातळ असतो. त्यात साखर कधी वीस टक्के, कधी चाळीस टक्के. माश्या त्यात आपला पाचकरस मिसळतात, पंखांनी वारा घालून पाणी उडवतात आणि पुरेसा घट्ट झाला की मेणाचे झाकण घालतात. मधात पाणी वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा आपल्याकडील अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणजे एक किलो मधात साधारण 800 ग्रॅम साखर आली. मकरंदात चाळीस टक्के साखर असेल तर त्यासाठी दोन किलो मकरंद लागेल, वीस टक्के असेल तर चार किलो. मेलिफेरा माशी एका फेरीत अंदाजे 40 मिलिग्रॅम आणते असे धरू. पहिल्या बाबतीत 50 हजार फेऱ्या झाल्या, दुसऱ्या बाबतीत एक लाख. सातेरी अंगाने लहान, तिच्या फेऱ्या आणखी जास्त. उडण्यासाठी माशी स्वतः जे खाते ते यात धरलेलेच नाही.

म्हणून अंतराला फार महत्त्व आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासात सातेरी, फुलोरी आणि आग्या या तीन माश्यांचे नाच मोजून त्यांचा पल्ला काढला. सातेरीचा पल्ला तिघींत सर्वांत कमी, जेमतेम एक किलोमीटरच्या घरात निघाला. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर सहज जाते, अडचणीत त्याहूनही लांब. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे 775 एकर जमीन येते, तीन किलोमीटरच्या वर्तुळात सुमारे 7 हजार एकर. सातेरी पाळणाऱ्याची पेढी ही त्या 775 एकरांची आहे. त्यात घाटमाथ्यावरचे जांभूळ आणि हिरडा असेल, काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी असेल, तर महाबळेश्वर-जावळीसारखा मध मिळतो. 2022 साली महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला तो त्या गावाभोवतीच्या जंगलामुळे. तेच सगळे उसाच्या पट्ट्यात असेल तर कितीही पेट्या मांडा, ऊस मैलोगणती असला तरी माशीला तो उपयोगाचा नाही.

मेलिफेरावाल्यांचा मार्ग निराळा. फुले येईपर्यंत ते वाट बघत नाहीत, पेट्या ट्रकवर चढवून फुलांकडे जातात. सूर्यफूल, धने, ओवा, तीळ आणि हिवाळ्यात राजस्थानची मोहरी. पेट्या नेहमी रात्री हलवतात, कारण तेव्हा सगळ्या माश्या घरात असतात. दिवसा हलवली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागेवर येऊन घिरट्या घालत मरतात. पेटी थोडीशीच, अर्ध्या-एक किलोमीटरवर नेली तरी हाच घोटाळा होतो, कारण ओळखीच्या खुणा दिसल्या की माशी सवयीने जुन्याच ठिकाणी परतते.

एका फुलाशी इमान

माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते, आणि ते फूल देत राहील तोपर्यंत तिथेच जाते. मधमाश्यांकडून परागीकरण होणाऱ्या पिकांचे उत्पन्न या सवयीवर उभे आहे, कारण सूर्यफुलाचा पराग धन्याच्या फुलाला काय कामाचा? एकाच फुलाचा मध निघतो तोही यामुळेच. येमेनच्या हद्रमौत भागातील सिद्रच्या मधाला जगभर जो भाव मिळतो, तो ज्या झाडामुळे ते आपल्या बोराच्याच कुळातले. आपल्याकडे जांभळाचा मध वेगळा, ओव्याचा वेगळा, पण बहुतेक मधपाळ सगळा एका डब्यात ओततात आणि मग भाव मिळत नाही म्हणून तक्रार करतात. फुलोरा संपला की लगेच मध काढून डब्यावर फुलाचे नाव व महिना लिहून ठेवावा. एवढ्या कामाला भांडवल लागत नाही.

परागीकरणासाठी पेट्या भाड्याने देणे हे दुसरे उत्पन्न. सोलापूरकडील डाळिंबाच्या बागांत आणि कांदा बियाण्याच्या शेतांत पेट्यांना मागणी असते. डाळिंबाच्या व्यापारात आपले बागवान बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बागायतदारांशी त्यांची ओळख आहे आणि फुलोऱ्याची खबर त्यांना सर्वांआधी असते. तरी पेट्या बाहेरगावचे लोक आणून ठेवतात, ही खेदाची गोष्ट वाटते.

भाड्याच्या पेट्या मांडण्याची वेळ माशीच्या सवयीवरून ठरते. फुलोरा सुरू होण्याआधीच नेल्या तर माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलांना धरतात, त्यांचे नाच सुरू होतात आणि पुढे आपल्या बागेकडे त्या वळत नाहीत. शंभरातली पाच-दहा फुले उमलली की नेणे बरे. कांद्याचे तर आणखी एक आहे. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते आणि माश्यांना तो फारसा आवडत नाही. शेजारी धने किंवा मोहरी फुलली असेल तर कांदा सोडून त्या तिकडे जातील, आणि शेतकरी म्हणेल तुमच्या माश्या कामचुकार आहेत. भाडे ठरवण्याआधी बांधाबाहेर काय फुलले आहे ते बघून घ्यावे. ठरलेले भाडे, दिवस आणि फवारणी कोणी केव्हा करायची हे कागदावर घ्यावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकराची 282 वी आयत आहेच, तरी आपल्या लोकांचे व्यवहार अजून तोंडीच चालतात.

विष आणि साखर

फवारणी हा या व्यवसायाचा सर्वांत मोठा धोका. माश्या दिवसा फुलांवर असतात, म्हणून फुलोऱ्यात फवारणी टाळावी आणि टळत नसेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी. यातही पीक बघावे लागते. काकडी सकाळी उमलते, तर दोडका आणि दुधी संध्याकाळी. माशी जागीच मेली तर निदान दिसते तरी. काही औषधांनी ती मरत नाही, वाट चुकते. थायमेथॉक्सामचा अल्प अंश मिळालेल्या माश्या घरी परतण्यात कमी पडतात, असे फ्रान्समधील प्रयोगात 2012 साली दिसून आले. युरोपीय संघाने अशा तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर 2018 साली बंद केला. पेटीपाशी मेलेल्या माश्यांचा खच नाही, तरी दिवसेंदिवस वर्दळ रोडावते आहे, असे दिसले तर आजूबाजूला कशाची फवारणी झाली याची चौकशी करावी.

पावसाळ्यात फुले नसतात, पाऊस माशीला बाहेर पडू देत नाही. तेव्हा साखरेचा पाक देऊन वसाहत जगवावी लागते आणि त्यात काही गैर नाही. पाक संध्याकाळी द्यावा, म्हणजे वासाने दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येत नाहीत. ज्वारी, बाजरी, मक्याच्या तुऱ्याचा पराग या दिवसांत आधार देतो. पण फुलोऱ्याच्या तोंडावर पाक भरून तोच पोळ्यातून काढून मध म्हणून विकणे ही फसवणूक होय, मग मधयंत्रातून निघाला म्हणून तो हलाल ठरत नाही. विज्ञान व पर्यावरण केंद्राने डिसेंबर 2020 मध्ये बाजारातील 13 ब्रँडच्या 22 नमुन्यांचे निकाल जाहीर केले, तेव्हा सर्व चाचण्यांत फक्त 5 उतरले. ग्राहकाचा विश्वास गेला आहे. ज्याच्याकडे फुलांची आणि जागेची नोंद आहे, त्याला तो परत मिळवता येईल.

मधावर उश्र आहे का, असे काही जण विचारतात. हनफी मतानुसार मधावर दहावा हिस्सा आहे, शाफई मतानुसार नाही. कोकणातील आपले बांधव बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, म्हणून एकाच ताटावर बसलेल्या दोघा मधपाळांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. जमिनीच्या प्रकाराचाही प्रश्न येतो. आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. आग्या मोहोळ जाळून मध काढणाऱ्यांनी मात्र एवढे लक्षात ठेवावे की ज्या चार जीवांना मारण्यास हदीसमध्ये मनाई आली आहे, त्यांत मधमाशी आहे.

पेटी घेण्याआधी एक वर्ष वही घ्यावी. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून काम करते आणि महाबळेश्वरला ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. प्रशिक्षण तिथे मिळेल, पण तुमच्या शिवारात काय फुलते ते तिथे कळणार नाही. दर पंधरवड्याला जागेपासून एक किलोमीटर चारही दिशांना चालावे, काय फुलले आहे, त्यावर मधमाशी आहे की नाही, सकाळी आहे की दुपारी, हे लिहावे. ज्या महिन्यांची पाने कोरी राहतील, तेवढे महिने पाकाचा खर्च धरावा किंवा पेट्या हलवण्याची सोय बघावी. पेट्या आल्यावर सकाळी दारापाशी दहा मिनिटे बसून आत येणाऱ्या माश्यांत मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या असलेल्या किती, ते मोजावे. पराग येतो आहे म्हणजे पिलावा वाढतो आहे. गोळ्यांचा रंग बदलला की फूल बदलले, आणि मग वही घेऊन पुन्हा एकदा चालायला निघावे.